मेबलची रिळं कुणी वाचवली?

जगात ज्याचा चेहरा सगळ्यांत ओळखीचा, त्या चार्ली चॅप्लिनचाही एक चित्रपट हरवलेला आहे. 'हर फ्रेंड द बँडिट' त्याचं नाव. जून १९१४ मध्ये तो प्रदर्शित झाला, त्यात चार्लीच्या जोडीला मेबल नॉर्मंड होती, आणि आज त्याची एकही प्रत कुठे असल्याचं ज्ञात नाही. लॉस एंजेलिसच्या एडनडेल भागातल्या कीस्टोन कंपनीने तो काढला होता. पुढे चार्लीची कीर्ती इतकी वाढली की त्याच्या फूटभर फिल्मलाही गिऱ्हाईक मिळे. तरीही हे रीळ गेलं ते गेलंच.

मला मात्र गेलेल्या रिळापेक्षा उरलेल्या रिळांचं जास्त आश्चर्य वाटतं. कीस्टोनचे जे विनोदी मूकपट उरले ते कुणामुळे उरले याचा माग काढत गेलं, तर कंपनीचं नाव फारसं कुठे लागतच नाही. लागतात ते दूरदेशीचे वितरक, हौशी संग्राहक, घरगुती प्रोजेक्टरसाठी रिळं भाड्याने देणारे, आणि सरळसरळ चोरून प्रती काढणारे धंदेवाले. हा इतिहास आपल्या कामाचा आहे, कारण पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे आणि त्यावर सार्वजनिक पैसा खर्च होतो. माझं म्हणणं असं की कॉपीराइट संपलेला प्रत्येक मूकपट, असेल त्या अवस्थेत, न कापता, कुणालाही घरबसल्या मोफत पाहता येईल आणि उतरवूनही घेता येईल असा खुला करावा. नीट कुलूपबंद ठेवलं की जतन झालं, ही समजूत कीस्टोनच्या उदाहरणापुढे टिकत नाही.

कीस्टोनचा संस्थापक मॅक सेनेट हा मूळचा कॅनडातल्या क्यूबेकचा, आयरिश वंशाचा. बायोग्राफ कंपनीत डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या हाताखाली तो आधी नट आणि मग दिग्दर्शक झाला. १९१२ साली केसल आणि बाऊमन या दोघांनी त्याला भांडवल दिलं. दोघेही एके काळचे शर्यतीचे बुकी, त्यामुळे झटपट फिरणाऱ्या पैशाची त्यांना सवय होती. २३ सप्टेंबर १९१२ रोजी कीस्टोनचं पहिलं रीळ बाजारात आलं. एकाच रिळावर दोन चित्रपट होते, अर्धं एकाचं आणि अर्धं दुसऱ्याचं: 'कोहेन कलेक्ट्स अ डेट' आणि 'द वॉटर निम्फ'. दुसऱ्यात पोहण्याच्या पोशाखातली मेबल पाण्यात सूर मारते. एका रिळाची लांबी हजार फूट, म्हणजे साधारण पाव तासाचा खेळ. अशी रिळं आठवड्यामागून आठवडे निघत राहिली. १९१४ या एका वर्षात एकट्या चार्लीने तिथे छत्तीस चित्रपट केले.

एवढा माल काढायचा तर कथा लिहीत बसायला वेळ कुठला? गावात काही घडतंय असं कळलं की कॅमेरा उचलायचा आणि नटांना घेऊन तिकडे पळायचं, ही सेनेटची पद्धत. १९१३ मध्ये इको पार्कच्या तलावातलं पाणी उपसलं जात होतं. कीस्टोनची मंडळी तिथे पोचली आणि चिखलात लोळणाऱ्या प्रेमिकांचा 'अ मडी रोमान्स' तयार झाला. १९१५ मध्ये सॅन डिएगो आणि सॅन फ्रान्सिस्को इथे मोठी प्रदर्शनं भरली, तर मेबल आणि विनोदी नट रॉस्को आर्बकल यांची जोडी तिथे फिरवून आणली आणि फिरता फिरता चित्रीकरणही उरकलं. हसवणं हा उद्देश होता, नोंद ठेवावी असं कुणाच्या मनातही नव्हतं. पण आज ते पाहताना नटांच्या मागचे रस्ते, ट्राम, दुकानांच्या पाट्या, मोकळी माळरानं आणि त्यावर उगवू लागलेलं शहर दिसतं. लॉस एंजेलिसचं इतकं चालतंबोलतं चित्र नगरपालिकेच्या दप्तरात असण्याची शक्यता नाही.

यातला माझा सगळ्यांत आवडता 'किड ऑटो रेसेस अ‍ॅट व्हेनिस'. ७ फेब्रुवारी १९१४ रोजी तो प्रदर्शित झाला. व्हेनिसच्या रस्त्यावर लहान मुलांच्या गाड्यांची खरीखुरी शर्यत चालू आहे, एक छायाचित्रण-पथक ती टिपतंय, आणि आखूड कोट आणि ढगळ विजार घातलेला एक माणूस पुन्हा पुन्हा कॅमेऱ्यासमोर येऊन उभा राहतो. त्याला हाकलतात, ढकलतात, तो परत येतो. कथा म्हणून इतकंच. कडेला उभे असलेले लोक शर्यत पाहायला आलेले खरे प्रेक्षक आहेत. हा बुटका कोण हे त्यांना ठाऊक नाही. काही जण त्रासलेले दिसतात, काही दुर्लक्ष करतात, मग हळूहळू एकेकाच्या चेहऱ्यावर हसू येतं. चार्लीच्या त्या भटक्याला बघून जगात पहिल्यांदा हसलेली माणसं आपण प्रत्यक्ष हसताना पाहू शकतो. असा पुरावा कुठल्या नटाच्या बाबतीत मिळतो? आपल्याकडे बालगंधर्वांच्या पदार्पणाच्या आठवणी आहेत, त्या दिवशीच्या प्रेक्षकांचे चेहरे नाहीत.

हे सगळं टिकावं म्हणून कीस्टोनने काय केलं? काही नाही, आणि त्याबद्दल मी सेनेटला दोष देणार नाही. त्या काळी प्रिंट चित्रगृहांना भाड्याने जाई, गावोगाव फिरे, ओरखडे पडून पडून काही आठवड्यांत पांढरी होई. फिल्म नायट्रेटची, म्हणजे पेट घ्यायला उतावीळ आणि पडून राहिली तरी आपोआप कुजणारी. तिच्यात चांदी असते, म्हणून जुनी रिळं वितळवून चांदी काढणं हा रीतसर धंदा होता. नव्या चित्रपटातून पैसा मिळत असताना जुना सांभाळण्यासाठी जागा अडवायची आणि आगीचा धोका पत्करायचा, हे कुठल्याच व्यापाऱ्याला पटलं नसतं. शिवाय कीस्टोनचं घरही स्थिर नव्हतं. १९१५ मध्ये ग्रिफिथ, इन्स आणि सेनेट या तीन दिग्दर्शकांना घेऊन ट्रँगल नावाची कंपनी निघाली आणि कीस्टोन तिच्यात गेली. १९१७ मध्ये सेनेट बाहेर पडला तेव्हा कीस्टोन हे नाव मागेच राहिलं. पुढे त्याने स्वतःच्या नावाने चित्रपट काढले आणि १९३३ मध्ये त्याचं दिवाळं निघालं. मालकी हातोहाती फिरली, आणि आपलेपणाने सांभाळणारं कुणी उरलं नाही.

कायद्याचाही यात एक विचित्र वाटा आहे. १९१२ पर्यंत अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्यात चित्रपट ही स्वतंत्र वस्तूच नव्हती. म्हणून निर्माते संपूर्ण चित्रपटाची छायाचित्रं लांबलचक कागदी पट्ट्यांवर छापत आणि छायाचित्र म्हणून त्यांची नोंदणी करत. या पट्ट्या अमेरिकी संसदेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, ग्रंथालयात पडून राहिल्या. कागद पेटला नाही, कुजलाही नाही. १९५० च्या दशकात त्यांवरून पुन्हा फिल्म बनवली गेली आणि सुमारे तीन हजार चित्रपट परत मिळाले. सेनेट आणि मेबल यांनी बायोग्राफमध्ये केलेल्या कामातलं बरंचसं आपण पाहू शकतो याचं श्रेय त्या कागदाकडे जातं. ऑगस्ट १९१२ मध्ये कायदा सुधारला, चित्रपटाची चित्रपट म्हणून नोंद होऊ लागली, कागदी प्रतीची गरज संपली. कीस्टोनचं पहिलं रीळ आलं सप्टेंबरात! मालकाचे हक्क पक्के करणारी सुधारणा चित्रपटाच्या आयुष्याला मात्र घातक ठरली.

मग वाचवलं कुणी? चार्ली मोठा झाल्यावर त्याच्या कीस्टोन चित्रपटांच्या प्रतींवरून प्रती निघू लागल्या. मूळ नावं बदलायची, दृश्यांमधल्या मजकुराच्या पाट्या बदलायच्या, कापाकापी करायची आणि नवा चित्रपट म्हणून खपवायचा. मेबलने दिग्दर्शित केलेला 'कॉट इन अ कॅबरे' कधी 'द वेटर' झाला, कधी 'द जॅझ वेटर'. या लोकांना कलेशी काही देणंघेणं नव्हतं. तरी त्यांच्या हावरेपणामुळे प्रती वाढल्या, आणि त्याचा उपकार नाकारता येत नाही. १९२० च्या दशकात घरगुती प्रोजेक्टर आले. फ्रान्सच्या पाथे कंपनीची साडेनऊ मिलिमीटरची आणि अमेरिकेत कोडॅकची सोळा मिलिमीटरची फिल्म न पेटणाऱ्या पदार्थाची होती. मुलांच्या वाढदिवसाला दाखवायला लोक विनोदी रिळं विकत घेत, भाड्याने आणत. माळ्यावर पडलेली ती खोकी पुढे संग्राहकांच्या हाती लागली.

२०१० या एका वर्षात घडलेल्या दोन गोष्टी पाहा. न्यूझीलंडच्या चित्रपट संग्रहालयात जुन्या अमेरिकन चित्रपटांचा मोठा साठा असल्याचं जाहीर झालं आणि त्यातले पंच्याहत्तर अमेरिकेला परत पाठवायचं ठरलं. न्यूझीलंड हे वितरणाच्या साखळीचं शेवटचं टोक. तिथवर पोचेपर्यंत प्रिंट इतकी झिजलेली असे की बोटीने परत पाठवण्याचं भाडं तिच्या किमतीहून जास्त पडे. म्हणून रिळं तिथेच राहिली, स्थानिक हौशी माणसांनी ती जपली आणि त्यांच्याकडून ती संग्रहालयात आली. त्यांत 'वन इन अ क्लॉझेट' निघाला, मेबलने स्वतः दिग्दर्शित केलेला, १९१४ चा. दुसरी गोष्ट अशी: मिशिगन राज्यातल्या एका जुन्या वस्तूंच्या विक्रीत एका इतिहासकाराने कीस्टोनचं एक रीळ विकत घेतलं होतं. बराच काळ ते तसंच पडून होतं. त्या वर्षी लावून पाहिलं तर त्यात पोलिसाच्या वेषात चार्ली! 'अ थीफ कॅचर' या चित्रपटात तो आहे हे जग विसरून गेलं होतं. त्याच सुमारास लंडनची ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट, बोलोन्याचं सिनेमा संग्रहालय आणि पॅरिसची लॉब्स्टर फिल्म्स यांनी देशोदेशींच्या प्रती गोळा करून चार्लीचे कीस्टोन चित्रपट नव्याने जुळवले. एका प्रतीतून सुरुवात, दुसरीतून शेवट, तिसरीतून मधलं एक दृश्य, असं ते काम होतं. एकच अधिकृत प्रत एकाच अधिकृत कोठीत असती तर जुळवायला दुसरं काही मिळालंच नसतं.

उघडून न पाहिलेली पैठणी घडीवर विरते, तसं फिल्मचंही होतं. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेटच्या कोठीला आग लागली आणि प्रभातच्या चित्रपटांसह कितीतरी जुनी रिळं जळाली. ती कुलपातच होती.

आता मेबलकडे येतो, कारण माझ्या मते खुलेपणाचा सगळ्यांत मोठा फायदा तिच्या बाबतीत दिसतो. कीस्टोनचा इतिहास बराच काळ दोन पुरुषांच्या आठवणींवर उभा होता. सेनेटने १९५४ मध्ये आत्मकथा सांगितली, चार्लीने १९६४ मध्ये लिहिली. मेबल १९३० मध्येच क्षयाने गेली होती, तेव्हा तिची बाजू तिच्याकडून ऐकायला मिळणं शक्यच नव्हतं. चार्लीने लिहिलं की 'मेबल अ‍ॅट द व्हील'च्या वेळी तिच्या हाताखाली काम करणं त्याला रुचलं नाही आणि दिग्दर्शक म्हणून तिच्या क्षमतेवर त्याचा विश्वास नव्हता. पुढची अनेक वर्षं मेबल म्हणजे 'चार्लीची सुंदर जोडीदार' एवढीच ओळख उरली. सव्वीस-सत्तावीस वर्षांची होण्याआधीच तिने डझनभर चित्रपट दिग्दर्शित केले आणि स्वतःच्या नावाने स्टुडिओ मिळवला, हे तळटीपेत गेलं.

चार्लीचं मत खरं की खोटं, हे ठरवायचं कशावरून? चित्रपटांवरूनच ना? 'मेबल्स ब्लंडर' पाहा, लेखन-दिग्दर्शन दोन्ही तिचं. ऑफिसात काम करणारी मेबल मालकाच्या मुलाच्या प्रेमात आहे. तो एका परक्या बाईला मिठी मारताना तिला दिसतो, मत्सराने ती मोटार-ड्रायव्हर भावाचे कपडे चढवते आणि त्यांच्या मागावर निघते. ती बाई त्याची बहीण निघते. कथा दोन ओळींची. पण धडपडीपेक्षा मेबलच्या चेहऱ्यावर सरकणाऱ्या भावांवर चित्रपटाचा भर आहे. कॅमेरा जवळ थांबतो, तिला विचार करू देतो. कीस्टोनच्या धावपळीत हा वेगळा स्वभाव ठळक दिसतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत २००९ मध्ये 'मेबल्स ब्लंडर'ची निवड झाली. 'किड ऑटो रेसेस'ला २०२० पर्यंत थांबावं लागलं, ही एक गंमत. एखाद्याला मेबलचं दिग्दर्शन सामान्य वाटेल, वाटू द्यावं. पण ते मत चित्रपट पाहून झालेलं असेल, मोठ्या माणसाच्या आत्मकथेवर विसंबून झालेलं नसेल.

विरोधात जे बोललं जातं त्यात वजन आहे. पहिला आक्षेप खराब प्रतींचा. वर्षानुवर्षं लोकांनी मूकपट पाहिले ते भलत्याच वेगात. त्या काळी कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण सोळा चौकटी. कीस्टोनवाले पाठलाग अधिक वेगवान दिसावा म्हणून मुद्दाम आणखी हळू फिरवत. पुढे तीच फिल्म चोवीस चौकटींच्या यंत्रावर चढवली, वर टणटण पियानो लावला, आणि जुन्या काळची माणसं अशीच फुदकत चालायची असा पिढ्यान्‌पिढ्यांचा समज झाला. अशा प्रतींनी चित्रपटाची बदनामी होते हे मला मान्य आहे. पण संग्रहालयाने चांगली प्रत रोखून धरल्याने वाईट प्रत कमी पसरते का? आज इंटरनेटवर कीस्टोनच्या शंभर भ्रष्ट प्रती फिरत आहेत. त्यांना उत्तर म्हणून योग्य वेगाची, पूर्ण, नाव-सालासह प्रत संग्रहालयानेच समोर ठेवायला हवी. मैदान रिकामं सोडलं की त्यात कोण शिरतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला जास्त अवघड वाटतो. एकेक चौकट साफ करणं महागडं काम आहे. नवं संगीत लावायचं तर संगीतकाराला पैसे द्यावे लागतात, त्या संगीतावर नवा हक्क येतो. सगळं फुकट दिलं तर हे काम कोण करणार? माझं उत्तर असं की दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. झळाळून काढलेली, संगीत लावलेली आवृत्ती खुशाल विकावी, तिकीट लावून दाखवावी. पण तिच्या मुळाशी असलेलं साधं स्कॅन, ओरखड्यांसह, मुकंच, सर्वांना द्यावं. डेन्मार्कच्या चित्रपट संस्थेने आपले मूकपट संकेतस्थळावर मोफत ठेवले आहेत. अमेरिकेच्या काँग्रेसच्या ग्रंथालयानेही जुन्या चित्रपटांसाठी खुलं दालन काढलं. त्यामुळे तिथलं रिस्टोरेशन बंद पडल्याचं दिसत नाही.

तिसरा आक्षेप हल्ली जास्त ऐकू येतो. या चित्रपटांत आज सहन होणार नाही असं पुष्कळ आहे. कीस्टोनच्या पहिल्याच रिळातला कोहेन ही ज्यू माणसाची टवाळी होती. तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल, जाड्या माणसाची थट्टा, बायकांना ढकलाढकली, हे तर नेहमीचंच. यावर कात्री चालवावी किंवा असे चित्रपट बाजूला ठेवावेत, असं सुचवलं जातं. याची चव एकदा घेऊन झाली आहे. रॉस्को आर्बकलवर १९२१ मध्ये एका नटीच्या मृत्यूचा आरोप आला. तीन खटले चालले, १२ एप्रिल १९२२ रोजी तो निर्दोष सुटला, ज्युरींनी तर त्याच्यावर अन्याय झाल्याचं लेखी कळवलं. सहा दिवसांनी चित्रपट-उद्योगाचे नवे प्रमुख विल हेज यांनी त्याच्या चित्रपटांवर बंदी घातली. डिसेंबरात बंदी उठली, तोवर चित्रगृहांनी त्याच्याकडे पाठ फिरवली होती. ज्या रिळांना प्रेक्षक नाही ती कोण सांभाळतो? आज जे अश्लाघ्य वाटतं ते दाखवताना सुरुवातीला चार ओळींची टीप द्यावी, वर्गात त्यावर वाद व्हावा. ज्यू समाजाची टर उडवणारा विनोद १९१२ मध्ये तिकीट काढून किती सहज पाहिला जात होता, हे सिद्ध करायला त्याच चित्रपटाइतका पुरावा दुसरा नाही. तो पुसला तर त्या समाजाचाच एक साक्षीदार कमी होतो.

काही संग्राहक आणखी एक गोष्ट म्हणतात, की डिजिटल प्रत म्हणजे फिल्म नव्हे. बरोबर आहे. मूळ रीळ थंड खोलीत राहायलाच हवं, त्यात काटकसर नको. मी कोठी मोडा म्हणत नाही, कोठीला खिडक्या ठेवा म्हणतो.

आता आपल्याकडे. १९१४ मध्ये, चार्ली कीस्टोनमध्ये चित्रपटांचा रतीब घालत होता त्याच वर्षी, दादासाहेब फाळके आपले चित्रपट घेऊन लंडनला गेले. मोठ्या पौराणिक चित्रपटांना जोड म्हणून त्यांनीही छोटे चित्रपट केले होते, त्यात 'पिठाचे पंजे' हा विनोदी होता. आपण फाळक्यांना भारतीय चित्रपटाचे जनक म्हणतो, पुरस्कार देतो, पण विनोदी फाळके आपल्या कल्पनेतही नाहीत, कारण त्यांचं ते अंग आपल्यासमोर येतच नाही. 'राजा हरिश्चंद्र' तुकड्यांत आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा १९२५ चा 'सावकारी पाश' गेला. भारतात सुमारे तेराशे मूकपट झाले असं धरतात, त्यांतले उरलेले तीसच्या आसपास, आणि त्यांतही पूर्ण असे थोडेच. अमेरिकेत २०१३ च्या एका अहवालाने तिथल्या मोठ्या लांबीच्या मूकपटांपैकी सत्तर टक्के नष्ट झाल्याचं सांगितलं तेव्हा तिकडे हळहळ झाली. आपलं प्रमाण त्याहून कितीतरी वाईट आहे.

जे उरलं त्याची कहाणी मात्र तिथल्यासारखीच. पी. के. नायर १९६० च्या दशकात पुण्याच्या संग्रहालयात आले आणि देशभर रिळं शोधत फिरले. फाळक्यांच्या चित्रपटांचे भाग त्यांना फाळके कुटुंबीयांकडून मिळाले. 'आलम आरा'ची रिळं चांदीसाठी गेल्याची हकीकत ते सांगत. इथेही चित्रपट वाचले ते कुणाच्या तरी घरात, कंपनीच्या कपाटाबाहेर. नायर यांनी भंगारातून उचलून जे सरकारी कोठीत आणलं, त्याचा पुढचा प्रवास कोठीतून लोकांकडे व्हायला हवा.

आणि यात कायद्याचा अडसर नाही. आपल्याकडे चित्रपटाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतर साठ वर्षं राहतो. म्हणजे भारतात तयार झालेला प्रत्येक मूकपट कधीच सर्वांचा झाला आहे. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानासाठी केंद्राने ५९७ कोटी रुपयांची तरतूद केली, तो पैसाही सर्वांचाच. २०२२ मध्ये संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. महामंडळ म्हटलं की उत्पन्नाचा विचार येतो, आणि तीस-चाळीस जुन्या मुक्या रिळांतून उत्पन्न ते काय होणार? महोत्सवात एखादा खेळ, एखाद्या शताब्दीला एखादं प्रदर्शन, एवढ्यावर समाधान मानलं जाण्याची भीती मला वाटते. रिळं थोडी आहेत, म्हणजे काम मोठं नाही. आधी यादी प्रसिद्ध करावी: काय आहे, किती फूट आहे, कुठल्या अवस्थेत आहे, कुठून आलं. मग एकेक स्कॅन करून ठेवावं, योग्य वेग लिहून.

त्याचा एक फायदा तज्ज्ञांच्या लक्षात सहसा येत नाही. काँग्रेसच्या ग्रंथालयाने २०१२ पासून काही वर्षं व्हर्जिनियातल्या कल्पेपर इथे 'मोस्टली लॉस्ट' नावाचा मेळा भरवला. ज्यांची नावं कळत नाहीत अशा मूकपटांचे तुकडे पडद्यावर लावायचे आणि प्रेक्षकांनी ओरडून सांगायचं. मूकपट असल्यामुळे बोलायला मोकळीकच. कुणी गाडीचा नंबर ओळखे, कुणी मागची इमारत, कुणी एका दृश्यात येऊन जाणारा दुय्यम नट, कुणी नुसत्या सोफ्यावरून स्टुडिओ सांगे. असे कित्येक निनावी तुकडे ओळखले गेले, आणि ओळखणारे बरेचसे हौशी लोक होते. पुण्यात, कोल्हापुरात, नाशकात असा खेळ लावला तर पंचगंगेचा घाट कुठला, मागचा वाडा कुणाचा, अमक्या नटाच्या अंगावरचा शालू कुठल्या नाटक मंडळीचा, हे सांगणारी माणसं अजून आहेत. त्यांच्यातले कित्येक ऐंशीच्या पुढचे आहेत. तेव्हा यादी आणि पहिली चार-पाच स्कॅन्स याच वर्षी बाहेर यावीत, उरलेली मागाहून आली तरी चालतील.